जवाबाशिवाय वाजणारं गाणं

आधीच सांगून टाकते, मला डीजेचा राग नाही. नाचाचा नाही, रिमिक्सचाही नाही. संस्कृती बुडाली म्हणून गळा काढणाऱ्यांच्या सभेत मी एकदा उठून बोलले होते, तेव्हापासून तिकडून बोलावणं येत नाही. जुनं गाणं नव्या ठेक्यावर परत उभं राहतं, चार पोरं त्यावर घाम गाळतात, यात वाईट काय आहे? माझा राग वेगळाच आहे. गाणं जिवंत करतो म्हणता, आणि त्याचं अर्धं अंग कापून उरलेलं अर्धं नाचवता. त्याचा.

नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत मी कॉम्प्युटरवर नोंदी करते. उरलेल्या वेळात आमच्या समितीची पत्रकं लिहिते. बसथांब्याला शेड पाहिजे, मुलींच्या वसतिगृहाला पाणी पाहिजे, असली. त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत स्कूटी घेऊन स्टेशन रोडला निघाले तर पुढं नवरदेवाची मिरवणूक. रस्ता गच्च. ऑटोवाले हॉर्न वाजवून वाजवून गप्प झालेले. पिकअपवर साउंडची भिंत रचलेली. त्या भिंतीतून आधी कुणा डीजेचं नाव तीनदा गरजलं, जसं काही गाणं त्याच्याच पोटातून जन्मलं. मग ठेका. मग बाईचा आवाज:

नवरी काळी काळी गं, दिवसा लावा दिवा!

मी ब्रेक दाबला. गाणं मला नीट आठवत नव्हतं, पण तो आवाज मला पाठ आहे. शेळ्या हाकताना, पोरांना जेवायला बोलावताना, टीव्हीवरच्या पुढाऱ्याला शिव्या देताना तो मी लहानपणापासून ऐकलाय. माझ्या आत्याचा आवाज. फक्त तीसेक वर्षांनी तरुण.

काळी काळी. काळी काळी. का-का-का-काळी. मशीननं आत्याला तोतरं करून टाकलं होतं. पोरं कमरेतून वाकून नाचत होती आणि दर 'काळी'ला एक जण कडेच्या दुकानातल्या, बसथांब्यावरच्या, दिसेल त्या सावळ्या पोरीकडं बोट करत होता. पोरी ओढणी ओढून मागं सरकत होत्या. एक तर दुकानातच शिरली, काही घ्यायचं नसताना.

आता हे गाणं काय आहे ते सांगावं लागेल, कारण नाचणाऱ्यांना ते माहीत नाही.

माझी आत्या जांब समर्थच्या अलीकडं एका गावात दिली. ती काळी आहे. सावळी वगैरे म्हणून मी तिची समजूत काढणार नाही, तिला ते आवडत नाही. लग्न लागलं, विहिणींची पंगत बसली. आमच्याकडं त्या पंगतीत गाण्यानं भांडायची रीत होती. वराकडच्या बाया टोमणा गाऊन मारायच्या, नवरीकडच्या बायांनी तसाच गाऊन जवाब द्यायचा. तर वराकडून सवाल आला: नवरी काळी काळी गं, दिवसा लावा दिवा. आणि आमच्याकडच्या बाया गप्प. वरबाप आधीच मानपानावरून रुसलेला, अजून कशाला चिडवा, म्हणून पदर तोंडात धरून बसल्या. तेव्हा खाली मान घालून बसलेल्या नवरीनंच तोंड उघडलं:

दिवसा दिवा लावतो त्याच्या डोळ्याला काय गं झालं?
काळीतच तर पीक येतं, बरडात काय आलं?

नवरी बोलली! पंगत थांबली म्हणे. वाढपी बुंदीचं ताट हातात धरून तसाच उभा राहिला. नवरीनं स्वतः जवाब द्यायचा नसतो. पण दिला, आणि तो शेजारच्या गावांपर्यंत गेला. पुढं कॅसेटींचा काळ आला तेव्हा जालन्यातल्या एका कॅसेटवाल्यानं लग्नाची गाणी भरायला चार गावांतल्या बाया जमवल्या. त्यात आत्याचं हे गाणं घेतलं. सवालही तिनंच गायला, जवाबही तिनंच. त्या काळात ते लग्नात वाजायचं, एसटी स्टँडवरच्या रसवंतीवर वाजायचं. मी तेव्हा नव्हते. घरातल्यांकडून ऐकून मला माहीत, तेही उडत उडत.

रविवारी आत्याकडं गेले. ती पत्र्यावर कुरडया घालत होती. माझी आतेबहीण, तिची लेक, खालून चीक वर देत होती. तिला पोरगा पसंत पडला होता, पोराला ती, आणि लग्नाची यादी व्हायची होती. ती जालन्यात एका दवाखान्यात नर्स आहे. रंगानं आईवर गेलेली.

मी फोनवर गाणं लावलं. आत्याचे हात थांबले.

"ह्यो मी हाय का गं?"

"तूच आहेस. सगळ्या जालन्यात वाजून राह्यलीस."

"आगं माय!" ती हसली, सोऱ्या तसाच धरून. "बघ की आवाज! कसा टणटण लागला! आन् ह्ये ढुमढुम कुणी घातलं मधी?"

"डीजेनं."

"घालू दे बापा. चांगलं लागतंय." ती मान हलवू लागली. खरंच खूश होती. एवढ्या वर्षांनी स्वतःचा तरुण आवाज ऐकायला मिळाला तर कोण होणार नाही? मग गाणं संपलं आणि आपोआप पहिल्यापासून सुरू झालं. ती वाट बघत राहिली.

"पुढचं लाव की."

"पुढचं नाही, आत्या. एवढंच आहे."

"आसं कसं? जवाब?"

"जवाब नाही त्यात."

तिनं सोऱ्या खाली ठेवला. "मंग मी नुसतीच काळी काळी म्हणून राह्यले व्हय?"

खालून आतेबहीण म्हणाली, "आई, सोड. चीक गार होतोय." आणि मग माझ्याकडं न बघता, "अक्का, तुला म्हणून सांगते. तिकडच्या एका दोस्तानं पसंतीच्या दिवशीचा माझा फोटो टाकला. स्टेटसला. हेच गाणं लावून."

"नवरदेवानं काय केलं?"

"हसायचा बाहुला टाकला खाली."

पत्र्यावरून आत्याला ऐकू गेलं होतं. तिनं सोऱ्या परत उचलला. आख्खी कुरडई घालून झाल्यावर एवढंच म्हणाली, "माझ्याच आवाजात माझ्या लेकीला हिणवत्यात. तिच्या मिरवणुकीत ह्ये वाजलं तर जवाबबी वाजला पायजे. न्हाई तर मी त्या मांडवात तोंड कसं दाखवू?"

तिला एवढंच हवं होतं. मला मात्र क्रांती करायची होती. मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. जाहीर निषेध! वर्णद्वेषी गाण्यावर बंदी घाला! आयाबहिणींनो, जाग्या व्हा! आणि कशाचा निषेध ते लोकांना कळावं म्हणून गाण्याच्या ओळी मधोमध ठळक टाईपात, चौकटीत. गुलाबी कागदावर छापून घेतलं, स्टँडवर वाटलं, कॉलेजच्या गेटवर वाटलं.

दोन दिवसांत पोरांनी त्या पत्रकाचं रील केलं. गुलाबी कागद हवेत नाचवतायत, मागं गाणं. ज्यांना गाणं माहीत नव्हतं त्यांना माझ्या कागदावर ओळी तयार मिळाल्या, ठळक टाईपात. आमच्या समितीतल्या एकानं मला रील पाठवून खाली लिहिलं, अभिनंदन, आपलं पहिलं पत्रक जे लोकांनी शेवटपर्यंत वाचलं. त्याच्याशी मी आठवडाभर बोलले नाही.

पण ते काहीच नाही. आत्यानं पत्रक लेकीकडून वाचून घेतलं आणि फोन केला.

"चांगलं लिवलंस. पण पोरी, तूबी जवाब न्हाई छापला."

काय सांगणार? मला जवाबाच्या ओळी पाठच नव्हत्या. मी फक्त सवाल ऐकला होता, स्टेशन रोडला, त्या डीजेच्या पिकअपवरून. मी, बायकांच्या हक्कावर भाषण देणारी, आत्याला विचारायलासुद्धा थांबले नव्हते की बाई, तू काय बोलली होतीस. बंदी मागितली. बंदी कुणावर? तिच्याच आवाजावर! तो दिवस आठवला की आजही कानशिलं तापतात. ओळी मी तेव्हा फोनवर तिच्याकडून उतरवून घेतल्या. त्याच वर दिल्यात.

डीजेला मात्र मी सोडणार नव्हते. गाण्याच्या सुरुवातीला त्याचं नाव तीनदा गरजतं, त्यामुळे शोधायला कष्ट पडले नाहीत. दोन खणांचं दुकान, भिंतीला अंड्यांचे पुठ्ठे ठोकून स्टुडिओ केलेला. माझ्याहून वर्ष-दोन वर्षांनी मोठा असेल.

"जवाब का कापला?" मी दारातूनच.

"कसला जवाब, ताई?"

"नाटकं करू नको. गाण्याचा दुसरा भाग. बाईनं जे उत्तर दिलंय ते."

त्यानं लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. "हे बघा. मला जी फाईल मिळाली ती एवढीच. इथं संपते. दुसरा भाग असता तर मी कशाला सोडला असता? मला एका गाण्याची दोन गाणी झाली असती की!"

फाईल खरंच तिथंच तुटत होती. शेवटी एक खट् असा आवाज, आणि शांतता.

"ही बाई कोण, कुठली, विचारलंस का कुणाला?"

"जुनी कॅसेट आहे, ताई. लोकगीत. ते कुणाचं नसतं."

"ती जिवंत आहे! कुरडया घालून राह्यली तिकडं! तुझं नाव तीनदा, तिचं एकदा पण नाही!"

तो ओशाळला. मग जरा चिडूनच म्हणाला, "ते गुलाबी पत्रक तुमचंच ना? त्यात तरी होतं का त्या बाईचं नाव?"

नव्हतं. ते माझ्या कागदावर नव्हतं हे त्यानं मला सांगावं याचा मला एवढा संताप आला की मी निघालेच. जाता जाता म्हणाले, "दुसरा भाग आणून दिला तर लावशील?"

"आणा तर खरं."

कॅसेट भरणारे ते गृहस्थ अजून आहेत. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. गल्लीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान, वरच्या फळीवर काचेआड जुन्या कॅसेटी, विकायला नव्हे, अशाच. मी आत्याचं गाव सांगितलं तर त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही.

"वो काली नवरी वाली? बेटी, मैंनेच भरी थी." ते स्टुलावर चढले, फुंकर मारून कॅसेट काढली. "देखो, सवाल पे ए बाजू खतम की मैंने. जवाब से बी बाजू शुरू. जानबूझ के! लोगां जवाब सुनने के वास्ते जल्दी-जल्दी पलटाते थे."

त्यांच्या त्या हुशारीनंच पुढं घात केला होता. मेमरी कार्डांचा काळ आला तेव्हा पोरांनी कॅसेटीवरून गाणी भरून घेतली. ए बाजू संपली की टेप खट् करून थांबतो. पोरांना वाटलं गाणं संपलं. उलटी करायची असते हे सांगायला कुणी नव्हतं. बस, एवढंच झालं. कुणी कट केला नव्हता. मला कुणीतरी कट केलेला हवा होता, म्हणजे नीट निषेध करता आला असता. पण न उलटलेल्या कॅसेटचा निषेध कुणापुढं करू? आणि तरी सांगते, माहीत नव्हतं म्हणून सुटका नाही. टोमणा अर्धाच आला तर पुढचं कुठंय असं एकालाही वाटू नये? वाटलं नाही, कारण तेवढ्यावर सगळ्यांचं भागत होतं. माझंही भागलं होतं.

चाचांनी कॅसेट उलटी घातली. आवाज थोडा खरखरला, मग आत्या स्वच्छ लागली. दिवसा दिवा लावतो त्याच्या डोळ्याला काय गं झालं?

"क्या बोली थी वो लडकी," चाचा म्हणाले. "बिलकुल बराबर बोली थी."

डीजेनं शब्द पाळला. दोन्ही भाग एकत्र केले, पण हात चोळत म्हणाला, जवाबाची लय मोकळी आहे, ठेक्यात बसत नाही, मी तो तसाच ठेवलाय, बिनठेक्याचा. "आणि ताई, खरं सांगू का? मी लावीन. पण मिरवणुकीत ऑर्डर वराकडच्यांची असते. ते म्हणाले पुढं घे, तर मला घ्यावं लागतं."

मग प्रश्न यादीवर आला. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडं लग्न ठरलं की दोन्हीकडचे मानकरी बसून एका कागदावर सगळं लिहितात. कपडे कुणी घ्यायचे, मांडव कुणी घालायचा, घोडा कुणाचा. त्यावर सह्या होतात. एकदा यादीत आलं की शब्द फिरवता येत नाही. पुरुष बसतात, बाया दाराआड. अक्षर चांगलं म्हणून त्या दिवशी लिहायला मला बसवलं होतं. हे मी माझं भाग्य समजते.

डीजे वराकडचा, असं लिहून झालं. पानसुपारी फिरली. नवरदेवाचा मामा म्हणाला, "झालं मंग. करा सह्या."

दाराआडून आत्या बाहेर आली. पदर डोक्यावर होता, पण पुढं ओढलेला नव्हता.

"अजून एक लिव. डीजेवर काळ्या नवरीचं गाणं लागलं तर पुरं लागंल. जवाबासकट. न्हाई तर लागायचंच न्हाई."

सगळे माझ्याकडं बघायला लागले, जसं काही मीच तिला चावी दिली होती. देवाशपथ, दिली नव्हती.

मामा हसला. "बाई, गाण्याचं कुठं यादीत लिवत्यात का? पोरं हायेत, नाचतेल, मजा करतेल."

"घोडा लिवला ना? घोडाबी मजेलाच हाय."

"आवं, पण..."

"टोप्या लिवल्या, टावेल लिवले. माझ्या लेकीला भर रस्त्यात काय म्हणायचं ते लिवायला काय शाई संपली का?"

आतोबा खाली बघत होते. आत्याची नणंद आतून कुजबुजली, "आता मोडतंय बघ." खरंच मोडलं असतं. मामानं उपरणं झटकलं, उठायला लागला. "आमच्याकडं आसलं चालत न्हाई. बायांनी यादीत..."

"लिवा," दाराआडून दुसराच आवाज आला. नवरदेवाची आई. दिवसभरात ती पहिल्यांदा बोलली असेल. ती बाहेर आली नाही, आतूनच म्हणाली, "लिवा म्हणते ना. भाऊ, बस खाली. तुला म्हाईत न्हाई ती कॅसेट. माझ्या लग्नात मलाबी लावली व्हती. दोन्ही बाजूंनी लावली व्हती, म्हणून मी हसले तरी."

मामा बसला. मी लिहिलं. अक्षर बिघडू दिलं नाही. जवाबासकट.

लग्न शहागडला, हायवेच्या कडेच्या मंगल कार्यालयात झालं. दुपारचं ऊन, मागं ट्रकांची रांग. मिरवणूक गेटपाशी आली आणि पोरांनी मागणी केली, तेच, तेच लाव! ठेका पडला, काळी काळी सुरू झालं, पोरं उडाली. मग तो खट् आवाज, डीजेनं मुद्दाम ठेवलेला. आणि ठेक्याशिवाय, उघडा, आत्याचा आवाज. दिवसा दिवा लावतो त्याच्या डोळ्याला काय गं झालं?

पोरांचे हात हवेतच राहिले. "अय, बंद पडलं का? पहिलं लाव ना भाऊ!" फोटो टाकणारा तो दोस्त पिकअपवर चढून बटणापर्यंत पोचला. आत्या गेटवर नवरदेवाला ओवाळायला उभी होती. तिनं हातातलं ताट माझ्याकडं दिलं, पिकअपपाशी गेली आणि म्हणाली, "हात काढ."

ओरडली नाही. दोस्तानं घोड्यावरच्या नवरदेवाकडं बघितलं. नवरदेवानं त्याच्याकडं न बघता मान हलवली, राहू दे म्हणून. तेवढी अक्कल त्याला त्या दिवशी सुचली याचं श्रेय मी कुणाला देऊ कळत नाही. दोस्तानं हात काढला.

जवाब पुरा वाजला. दीड मिनिट असेल. कुणी नाचलं नाही. पोरं रुमालानं तोंडं पुसत, पाण्याच्या पिशव्या दातांनी फोडत उभी राहिली. वराकडच्या तीन-चार म्हाताऱ्या मात्र पुढं येऊन ओठ हलवत होत्या. खिडकीत नवरीच्या वेषातली माझी आतेबहीण उभी होती. ती ना हसली ना रडली. शेवटपर्यंत ऐकून आत गेली.

आत्यानं माझ्याकडून ताट परत घेतलं. "झालं," म्हणाली. "आता वाजवू दे त्यांला काय वाजवायचं ते."

तिचं झालं. तिला लेकीपुढं जवाब द्यायचा होता, तो दिला. माझं झालेलं नाही. डीजेनं दोन्ही भागांचं गाणं टाकलंय, ते ऐकणारे थोडे. अर्धं अजून सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. अजून कुठल्यातरी रस्त्यावर माझ्या आत्याचा आवाज कुणाच्यातरी लेकीला काळी काळी म्हणतोय, आणि ती लेक ओढणी ओढून दुकानात शिरतेय. तिच्या बाजूची यादी कोण लिहिणार? मी नवीन पत्रक छापलंय. यावेळी ठळक टाईपात फक्त जवाब आहे. काल स्टँडवर वाटताना एक जण वाचून म्हणाला, ताई, हे काहीतरी अर्धवट वाटतंय, याच्या आधीचं काय आहे?

मी म्हटलं, ते तुला पाठ आहे.